आधी प्रात्यक्षिक, मग करार

परदेशी विद्यापीठाशी करार झाला की सह्या करतानाचा फोटो छापून येतो. त्या करारामुळे तिसऱ्या वर्षाच्या मुलांच्या वेळापत्रकातला कोणता तास बदलला, असं वर्षभराने विचारलं तर बहुतेक ठिकाणी सांगण्यासारखं काही नसतं. गोव्यात ऊर्जा अभियांत्रिकी शिकवण्यासाठी परदेशी भागीदार शोधणाऱ्यांना आमचं सांगणं एवढंच, की सुरुवात एका विषयापासून आणि त्याच्या प्रात्यक्षिकांपासून करा. दोन्हीकडचा एकेक शिक्षक, एक सामाईक विषय, आठ-दहा प्रात्यक्षिकं. एक सत्र नीट पार पडलं की करारात काय लिहायचं ते कळू लागतं. आधी करार केला तर 'सहकार्याच्या शक्यता पडताळणे' यापलीकडे त्यात लिहायला काही नसतं.

ऊर्जा अभियांत्रिकीची नवी शाखाच काढायची घाईही नको. एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) चौकटीत मूळ शाखेच्या वर १८ ते २० श्रेयांक (क्रेडिट) जादा घेऊन मायनर, म्हणजे जोड, पदवी मिळवायची सोय आहे. इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल, सिव्हिल अशा कुठल्याही शाखेचा विद्यार्थी ती घेऊ शकतो, आणि ऊर्जा हा विषय मुळात या सगळ्या शाखांत विखुरलेला असल्यामुळे असा मिश्र वर्ग फायद्याचाच ठरतो. चार-चार श्रेयांकांचे पाच विषय पुरतात: ऊर्जा मापन आणि लेखापरीक्षण (ऊर्जा कुठे किती खर्च होते याची तपासणी), सौर विद्युत प्रणाली, वितरण जाळं आणि साठवण, शीतकरण आणि वातानुकूलन, आणि शेवटी प्रकल्प. यातला एकच विषय पहिल्या वर्षी भागीदारासोबत शिकवायचा. गोवा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांना अभ्यास मंडळ आणि विद्या परिषद या दोन्ही पायऱ्या चढाव्या लागतात, त्यामुळे जुलैत विषय सुरू करायचा तर मसुदा आदल्या दिवाळीच्या सुमारास तयार हवा.

भागीदाराकडून येणारा अभ्यासक्रम जसाच्या तसा घेतला तर काय होतं? उत्तर युरोपातल्या ऊर्जेच्या अभ्यासक्रमात इमारत गरम कशी ठेवायची यावर बराच भर असतो: भिंतीचं उष्णतारोधन, हीट पंप, गावभर फिरणारं गरम पाणी. गोव्याचा प्रश्न उलटा आहे. आपल्याकडे हवा थंड करण्याइतकंच तिच्यातलं पाणी काढणंही महाग पडतं. किनाऱ्यावरच्या हॉटेलात वातानुकूलन यंत्राच्या एकूण कामाचा मोठा वाटा या सुप्त भाराचा, म्हणजे ओलावा काढण्याचा, असतो, आणि तो मोजायला कोरड्या तापमापकाबरोबर ओला तापमापकही लागतो. शिवाय गोव्यात स्वतःचं मोठं वीजकेंद्र नाही. वीज बाहेरून येते, फोंडा आणि थिवीसारख्या २२० केव्ही उपकेंद्रांतून खाली उतरते आणि वीज खातं ती वाटतं. म्हणजे आपल्या मुलांना कामं मिळणार ती वितरणात, छतावरच्या सौर संचांत, हॉटेलं, औषध कारखाने आणि शीतगृहांच्या ऊर्जा लेखापरीक्षणात. बाष्प टर्बाइनवर अर्धं सत्र घालवून त्यांच्या हाती फारसं लागत नाही.

सौर प्रणालीचं प्रात्यक्षिक घ्या. जर्मनीतल्या प्रयोगपत्रिकेत पॅनल दक्षिणेला, ३० ते ३५ अंशांच्या कलाने, आणि सूर्य वर्षभर दक्षिणेकडे असं गृहीत असतं. पणजीचा अक्षांश साडेपंधरा अंश. साधारण मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून १० ऑगस्टच्या आसपासपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. दक्षिणेकडे जास्त कललेला पॅनल त्या काळात तोटाच करतो. म्हणून पहिलं प्रात्यक्षिक असं बसवावं: ५, १५ आणि ३० अंश कलाचे तीन छोटे पॅनल शेजारी-शेजारी, प्रत्येकाचं उत्पादन वर्षभर नोंदवायचं, आणि भागीदारानेही आपल्या छतावर हेच करायचं. दोन आलेख एकमेकांवर ठेवले की अक्षांश म्हणजे काय हे मुलांना सूत्राशिवाय समजतं.

तारांच्या साखळीचं गणितही तिथलं आणि इथलं वेगळं. ५४० वॅटचे दहा पॅनल एका साखळीत जोडले तर खुल्या मंडलाचा (भार न जोडता मिळणारा) व्होल्टेज २५ अंशांना सुमारे ४९५ भरतो. युरोपात उणे १० अंशांच्या सकाळी तो ५४० च्या पुढे जातो, म्हणून तिथला अभियंता कमाल व्होल्टेजची काळजी करतो. गोव्यात पहाट १८ अंशांची धरली तरी तो ५०५ च्या आत राहतो. आपली अडचण दुसऱ्या टोकाला आहे. एप्रिलच्या दुपारी सेलचं तापमान ६० ते ६५ अंशांवर पोहोचतं, कार्यकारी व्होल्टेज ४१५ वरून ३६० च्या आसपास उतरतो, आणि साखळी आखूड असेल तर इन्व्हर्टरच्या किमान मर्यादेजवळ जाऊन उत्पादन बुडतं. दर अंशामागे ०.३५ टक्के या हिशेबाने शक्तीतही तेरा-चौदा टक्क्यांची घट येते. प्रयोगपत्रिकेत पॅनलच्या मागच्या बाजूला चिकटवायचा तापमान संवेदक सक्तीचा ठेवावा. उन्हाची तीव्रता मोजणारा पायरॅनोमीटर पॅनलच्याच प्रतलात बसवावा, त्याची काच रोज पुसावी आणि दोन वर्षांनी अंशांकन (कॅलिब्रेशन) करून घ्यावं. हे अंशांकन भागीदाराच्या प्रयोगशाळेत होणार असेल तर तसं आधीच लिहून घ्यावं, नाहीतर तिसऱ्या वर्षापासूनच्या आकड्यांवर कोणी विश्वास ठेवत नाही.

पावसाळ्याचं प्रात्यक्षिक तर आपलं स्वतःचंच. जुलैत सकाळी इन्व्हर्टर 'इन्सुलेशन फॉल्ट' दाखवून सुरूच होत नाही आणि दुपारी ऊन पडल्यावर आपोआप चालू होतो, हे गोव्यातल्या कोणत्याही सोलर बसवणाऱ्याला विचारा. कारण बहुतेक वेळा कनेक्टरमध्ये असतं: दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे नर-मादी कनेक्टर एकमेकांत दाबून बसवलेले, किंवा कनेक्टर पत्र्यावर पाण्यात पडलेला, किंवा तार क्लिपखाली सोललेली. मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) तपासताना १२० व्होल्टच्या वरच्या संचासाठी किमान एक मेगाओह्म हवा. हेच मापन मे महिन्यात आणि जुलैत, त्याच साखळीवर करून घ्यावं. त्याच दोन दिवशी मातीची रोधकताही मोजावी: एका रेषेत समान अंतरावर चार खिळे, बाहेरच्या दोन खिळ्यांतून प्रवाह, आतल्या दोन खिळ्यांत व्होल्टेज, आणि २π गुणिले अंतर गुणिले रोध म्हणजे रोधकता. फर्मागुढी किंवा ताळगावच्या पठारावर जांभ्यात खिळा जात नाही. जिथे जातो तिथे कोरड्या दिवसांत संपर्क इतका वाईट असतो की आकडा भलताच येतो, म्हणून खिळ्याभोवती पाणी ओतून पुन्हा मोजावं लागतं. भुसभुशीत गाळमातीवरच्या प्रयोगपत्रिकेत यातलं काहीच नसतं. आपण ते लिहून भागीदाराला दिलं की देवाणघेवाण खऱ्या अर्थाने दोन्ही बाजूंनी सुरू होते.

आता आमच्या मते सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात स्वस्त सामाईक प्रात्यक्षिक: विजेच्या वारंवारतेची नोंद. भारतातलं आणि युरोप खंडातलं जाळं दोन्ही ५० हर्ट्झवर चालतात, दोन्ही २३० व्होल्टचे, त्यामुळे एकच उपकरण दोन्हीकडे चालतं. अमेरिकेतला भागीदार असेल तर तिथे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. आकडेमोड तीच, पण रोहित्र आणि घटक बदलावे लागतात. उपकरण असं: २३० ते ९ व्होल्टचं छोटं रोहित्र, रोधांची विभागणी, हिस्टेरेसिस असलेला (बारीक गोंगाटाने न उलटणारा) कंपॅरेटर, ऑप्टोकपलर (प्रकाशाने संकेत नेऊन मुख्य वीज वेगळी ठेवणारा घटक), आणि ईएसपी-३२ सारखा मायक्रोकंट्रोलर. ५० आवर्तनांना लागलेला वेळ मोजायचा, त्यावरून दर सेकंदाला एक वारंवारता, सोबत जागतिक वेळेचा शिक्का. साध्या क्रिस्टलची चूक दहा लाखांत २० भाग धरली तर ५० हर्ट्झमध्ये ती एक मिलिहर्ट्झ होते, आणि या कामाला तेवढी अचूकता पुरते. त्याहून बारीक हवी असेल तर जीपीएसचा सेकंदी स्पंद जोडावा.

यात बिघडतं ते पुढीलप्रमाणे. हिस्टेरेसिस नसेल तर एलईडी दिव्यांच्या गोंगाटाने शून्यबिंदू (व्होल्टेज शून्य ओलांडतो तो क्षण) दोनदा मोजला जातो आणि मध्येच ५१-५२ हर्ट्झचे खोटे सुळे दिसतात. नोंद स्थानिक वेळेत केली तर दोन देशांची फाईल जुळवताना साडेचार की साडेपाच तास यात गल्लत होते. आणि सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे संगणक कक्षातला सॉकेट. तो बहुधा यूपीएसवर असतो. वीज गेली की यूपीएस स्वतःची स्थिर ५० हर्ट्झ देतो आणि आलेख एकदम सरळ रेषा होतो. जाळं इतकं आदर्श कधीच नसतं, त्यामुळे सरळ रेषा दिसली की आधी प्लग कुठे आहे ते पाहावं.

महिनाभराची नोंद हाती आली की शिकवायला केवढं तरी सापडतं. भारताची नवी ग्रिड संहिता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ हा पट्टा सांगते. युरोपात प्राथमिक नियंत्रण (वारंवारता सावरायला आपोआप होणारा निर्मितीतला बदल) २० मिलिहर्ट्झच्या विचलनाच्या आसपास जागं होतं आणि २०० मिलिहर्ट्झला पूर्ण वापरलं जातं. दोन आलेखांची रुंदी का वेगळी, राखीव शक्ती कोण ठेवतो, तिचे पैसे कोण देतो, हे प्रश्न मुलं स्वतः विचारू लागतात. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ७६५ केव्ही वाहिनीने दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाला जोडलं गेलं, आणि तेव्हापासून फोंड्यातल्या प्लगमध्ये दिसते तीच वारंवारता चेन्नईतही दिसते, हे स्वतःच्या उपकरणावर पाहण्यात वेगळीच मजा आहे. याला जोडून दोन मोठे अंधार शेजारी ठेवून शिकवावेत: ३० आणि ३१ जुलै २०१२ चा उत्तर आणि पूर्व भारतातला, आणि २८ एप्रिल २०२५ चा स्पेन-पोर्तुगालमधला. पहिल्यात आधीच कमकुवत झालेल्या आंतरप्रादेशिक वाहिन्यांवर क्षमतेपलीकडे भार गेला. दुसऱ्यात व्होल्टेज वाढत गेला आणि निर्मिती केंद्रं साखळीने तुटली. दोन्हींचे चौकशी अहवाल खुले आहेत. दोन देशांतल्या मुलांचे मिश्र गट करून, आपल्या देशाचा अंधार दुसऱ्याने समजावायचा, अशी मांडणी केली तर अहवाल खरोखर वाचले जातात.

उष्णतेच्या विषयासाठी परदेशातून महागडा बॉयलर संच मागवण्याआधी काजूची भट्टी पाहावी. मार्च ते मे या काळात सत्तरी, सांगे, काणकोणच्या भागात भट्ट्या पेटलेल्या असतात. शंभर लिटर आंबवलेला निरो (काजूच्या बोंडांचा रस) ३० अंशांवरून ९५ पर्यंत तापवायला साधारण २७ मेगाज्यूल लागतात. त्यातून वीस लिटर हुर्राक (पहिल्यांदा गाळलेली काजूची दारू) काढायचा तर तेवढ्या वाफेला आणखी ४० मेगाज्यूल. एकूण ६७. बऱ्यापैकी वाळलेल्या लाकडात किलोमागे १५ मेगाज्यूल धरले तर तोटा शून्य असताना साडेचार किलो लाकूड पुरायला हवं. प्रत्यक्षात किती जळतं ते वजन करून पाहायचं आणि भागाकार करायचा. वजनकाटा, लाकडातली आर्द्रता मोजणारा छोटा मीटर, सहा के-प्रकारचे थर्मोकपल (तापमान मोजणारे संवेदक) आणि मोजपट्टी लावलेलं भांडं एवढंच साहित्य. चूक बहुधा आर्द्रतेत होते: ४० टक्के ओलं लाकूड किलोला १० मेगाज्यूलच्या आसपासच देतं, आणि ते १५ धरलं की भट्टी आहे त्यापेक्षा वाईट दिसते. मद्याची वाफ पेट घेते, म्हणून वाफेच्या नळीजवळ ठिणगी टाकणारं कोणतंही उपकरण नको. पोर्तुगालच्या दक्षिणेत, आल्गार्व्हमध्ये, मेद्रोन्यो नावाच्या फळाची दारू तांब्याच्या भांड्यात, लाकडावर, थंडीच्या दिवसांत गाळतात. तिथला भागीदार असेल तर हाच ताळेबंद त्यांच्या मुलांनी जानेवारीत आणि आपल्या मुलांनी एप्रिलमध्ये मांडायचा.

मासेमारी धक्क्यांजवळचे बर्फाचे कारखाने हे दुसरं तयार क्षेत्र. ३० अंशांच्या पाण्यापासून उणे ८ अंशांचा एक टन बर्फ करायला सुमारे १३० युनिट (किलोवॅट-तास) उष्णता काढावी लागते. कार्यगुणांक (विजेच्या एका युनिटमागे काढलेली उष्णता) अडीच धरला तर ५२-५३ युनिट वीज. कारखान्याचं वीजबिल बर्फाच्या टनांनी भागलं की फरक दिसतो, आणि तो कंडेन्सरच्या शेवाळात आहे की मिठाच्या पाण्याच्या टाकीच्या फाटक्या उष्णतारोधनात, हे शोधायला गट पाठवता येतो. साळगावचा कचरा प्रक्रिया प्रकल्प २०१६ पासून ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि वीज करतो. तिथली सहल एका दिवसाची न ठेवता गॅसच्या नोंदींवरचा प्रकल्प ठेवावा.

उपकरणांविषयी थोडक्यात. लिथियम बॅटरी परदेशी पाहुण्याच्या सामानातून येणार नाही. सुटी लिथियम-आयन बॅटरी प्रवासी विमानात माल म्हणून नेता येत नाही, आणि मालवाहू विमानातही ३० टक्क्यांपेक्षा जास्त भारलेली चालत नाही. साठवणीच्या प्रात्यक्षिकासाठी ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांचा, म्हणजे पाच युनिटचा लिथियम लोह फॉस्फेट संच इथेच विकत घ्यावा. भागीदाराने जुनी उपकरणं भेट देऊ केली तर सुटे भाग आणि दुरुस्तीपुस्तिका मिळणार का हे विचारूनच हो म्हणावं. किनाऱ्यावरच्या दमट, खारट हवेत सर्किट बोर्डावर संरक्षक लेप हवा, आणि चवथीच्या सुट्टीत खोली आठवडाभर बंद राहते तेव्हा भिंगांवर बुरशी चढते, म्हणून कपाटात आर्द्रता शोषणारं यंत्र चालू ठेवावं.

भागीदार निवडताना नावापेक्षा दिनदर्शिका आधी पाहावी. आपलं विषम सत्र साधारण जुलै-ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत, सम सत्र जानेवारी ते मे. जर्मनीत हिवाळी सत्राचे वर्ग ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतात आणि उन्हाळी सत्राचे एप्रिलमध्ये, म्हणजे एका सत्रात सामाईक आठवडे जेमतेम सहा-सात. पोर्तुगालची सत्रं सप्टेंबरच्या मध्यावर आणि फेब्रुवारीत सुरू होतात, त्यामुळे आपल्याशी जास्त जुळतात. लिस्बनला सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात दुपारचे अडीच, उन्हाळ्यात दीड. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं सरकतात. सामाईक वर्ग त्या सोमवारी हटकून फसतो, म्हणून वेळापत्रकात दोन्ही वेळा आधीच छापाव्यात.

श्रेयांकांच्या बाबतीत संयम हवा. युरोपात वर्षाचे ६० ईसीटीएस (युरोपीय श्रेयांक), एकेक २५ ते ३० तासांचा. आपल्या राष्ट्रीय श्रेयांक चौकटीत वर्षाचे ४०, एकेक ३० तासांचा. ढोबळमानाने आपला एक म्हणजे त्यांचे दीड, आणि चार श्रेयांकांचा विषय सहा ईसीटीएसचा. गुणांची गोष्ट अधिक नाजूक. पोर्तुगालमध्ये २० पैकी १० ला उत्तीर्ण, आणि १६-१७ म्हणजे उत्तम. त्याला सरळ दहाच्या मापात आणून ८ दिले तर वर्गात पहिल्या पाचांत आलेल्या मुलाचं नुकसान होतं. दोन्ही विद्यापीठांनी मागच्या दोन-तीन वर्षांचं गुणवितरण एकमेकांना द्यावं आणि क्रमवारीच्या टक्केवारीवरून रूपांतर करावं. विद्यार्थी निघण्याआधी विषयांच्या जोड्या आणि रूपांतराचा तक्ता परीक्षा विभागाच्या सहीने त्याच्या हातात असावा. परत आल्यावर ही चर्चा सुरू झाली तर त्याचं वर्ष टांगणीला लागतं.

सामाईक किंवा दुहेरी पदवीकडे जायचं तर यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२२ चे विनियम पाहावे लागतात. भारतीय संस्थेकडे नॅकच्या मूल्यांकनात चारपैकी किमान ३.०१ गुण किंवा एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीच्या विद्यापीठ यादीत पहिल्या शंभरात जागा, आणि परदेशी संस्था क्यूएस किंवा टाइम्सच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारात. ट्विनिंगमध्ये (पदवी भारतीय संस्थेची, काही विषय परदेशात) परदेशातले श्रेयांक ३० टक्क्यांपर्यंत, सामाईक पदवीत दोन्हीकडे किमान ३० टक्के. ऑनलाइन अभ्यासक्रमांना हे लागू नाही. पहिल्या तीन-चार वर्षांत या वाटेला जायचं कारण आम्हाला दिसत नाही. २०१४ पासून भारत वॉशिंग्टन कराराचा (अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या कराराचा) पूर्ण सदस्य आहे, त्यामुळे एनबीए या राष्ट्रीय मान्यता मंडळाची टियर-१ मान्यता, म्हणजे स्वायत्त संस्था आणि विद्यापीठांसाठीची, असलेला मूळ पदवी अभ्यासक्रम सदस्य देशांत तसाही ओळखला जातो.

पैसा कुठून? युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लस योजनेत भारतासारख्या देशांशी देवाणघेवाणीचा अर्ज युरोपातलं विद्यापीठ करतं, साधारण फेब्रुवारीच्या मुदतीला. म्हणजे त्यांच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाशी बोलणं आदल्या ऑक्टोबरात व्हायला हवं. विद्यार्थ्याला २ ते १२ महिने, शिक्षकाला ५ दिवस ते २ महिने जाता येतं. शिष्यवृत्ती नसेल तर जर्मनीच्या व्हिसासाठी २०२४ च्या सप्टेंबरपासून दरमहा ९९२ युरो ब्लॉक्ड खात्यात (यातून महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते) दाखवावे लागतात, आणि ही रक्कम बहुतेक घरांना झेपणारी नाही. खासगी ट्रस्टच्या महाविद्यालयाला परदेशी अनुदान खात्यावर घ्यायचं तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं लागतं. ते नसेल तर पैसे तिकडेच ठेवून शिष्यवृत्ती आणि प्रवासखर्च तिथूनच दिला जाईल अशी रचना करावी.

हातात थोडाच पैसा असेल तर तो आधी शिक्षकांवर खर्च करावा. आयआयटी कानपूरचा भारत-अमेरिका कार्यक्रम १९६२ ते १९७२ असा दहा वर्षं चालला. एमआयटी, प्रिन्स्टन, कॅलटेक, पर्ड्यू यांच्यासह नऊ संस्था त्यात होत्या. १९६३ मध्ये आलेला आयबीएम १६२० संगणक सगळ्यांना आठवतो, पण तो केव्हाच कालबाह्य झाला. दीर्घकाळ एकत्र बसून शिकवलेल्या विषयांची आणि तिथे घडलेल्या अध्यापकांची परंपरा मात्र चालत राहिली. आपल्या मापात बोलायचं तर एका शिक्षकाने सहा आठवडे भागीदाराच्या प्रयोगशाळेत बसून प्रयोगपत्रिका लिहिणं हे आठ जणांच्या पाच दिवसांच्या भेटीपेक्षा कितीतरी जास्त देऊन जातं. प्रयोगशाळा सहायकालाही पाठवावं. संच चालू ठेवणारा माणूस तोच असतो, आणि प्रवाशांच्या यादीत त्याचं नाव क्वचितच असतं.

एवढं झालं की करार लिहायला बसावं. मुदत पाच वर्षं, दुसऱ्या वर्षी आढावा. दोन्हीकडे प्रत्येकी दोन समन्वयक, कारण एकाची बदली झाली किंवा तो निवृत्त झाला की पत्रव्यवहारच थांबतो. प्रयोगपत्रिका आणि नोंदींवर दोघांचाही हक्क, मुक्त परवान्याखाली. उपकरणाचं अंशांकन आणि दुरुस्ती कोणाच्या खर्चाने, ते आकड्यासह. विद्यार्थ्याचा आरोग्यविमा कोण काढणार. आणि करार मधेच संपला तर प्रवेश घेतलेल्या शेवटच्या तुकडीचे विषय, प्रात्यक्षिकं आणि पुनर्परीक्षा कोण पार पाडणार, हे कलम सहीपूर्वी परीक्षा नियंत्रकांकडून वाचून घ्यावं.